हे धुकं नाही हो

आज सकाळी फर्स्ट शिफ्टला निघालो, तर अजिंठा चौफुलीच्या पुढे सगळं राखाडी. लोक फोटो टाकून राहिले 'जळगावचं महाबळेश्वर झालं'. कसलं महाबळेश्वर भो, गाडीच्या सीटवर बोट फिरवलं तर काळं!

मे महिन्यात ४५ डिग्रीत धूळ उडते खरी, पण तापलेली हवा धूर घेऊन वर निघून जाते, पावसाळ्यात तर सगळं धुऊनच निघतं. थंडीत मात्र उलटं, रात्री जमीन झटक्यात गार होते, जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण, वारा तर नावालाही नाही, आणि आपण बसलोय तापीच्या खोऱ्यात, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, म्हणजे कढईच्या तळाशीच. मग कारखाने, ट्रक, वीटभट्ट्या, शेकोटीत जाळलेलं प्लास्टिक (हे तर बंद कराच राव) सगळ्यांचा धूर खालीच फिरत राहतो. कारखाने तेच, धूर तेवढाच, फक्त सीझन बदलला. ऊन चढलं की मगच हवा मोकळी होते.

आमच्या गल्लीतले नाना पहाटे फिरायला जातात, दमा असून. म्हटलं नाना, नऊनंतर जात जा. तर म्हणे, नऊला चहा असतो.