बंड्याच्या दाढा काढल्या, तेव्हा कुठे तो जेवू लागला

भूक मेलेलं मांजर आणि तोंड दुखणारं मांजर यांत मोठा फरक असतो. आमचा बंड्या वाटीचा आवाज आला की धावत यायचा, उकडलेल्या बोंबलाचा वास घ्यायचा, एक तुकडा उचलायचा आणि किंचाळून मागे उडी मारायचा. मग वाटीवरच फिस्कारायचा. "नखरे वाढलेत त्याचे," असं आई म्हणायची. पण नखरे करणारं मांजर वाटी हुंगून निघून जातं. हा परत परत येत होता.

बाकीची लक्षणंही हळूहळू दिसायला लागली. हनुवटीखालचे केस कायम ओले, लाळेला कधी लालसर झाक, जवळ आला की तोंडाचा कुजकट वास. अंग चाटणं बंद झाल्याने पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. पुढचे पंजे मात्र मळकट तपकिरी, कारण तो सारखा तोंडावर पंजा घासत असे.

पहिल्या दवाखान्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन मिळालं आणि बंड्या दुसऱ्याच दिवशी भरपेट जेवला. काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. पुढच्या प्रत्येक इंजेक्शनचा असर आधीपेक्षा लवकर ओसरत गेला. स्टेरॉईड दीर्घकाळ चाललं तर मांजराला मधुमेह होऊ शकतो, हे कळल्यावर मी प्राण्यांच्या दातांचं काम करणाऱ्या डॉक्टर शोधल्या.

त्यांनी ओठ बाजूने उचलून हिरड्या पाहिल्या, मग थोडी गुंगी देऊन घशाच्या अलीकडचा भाग मला दाखवला. जिथे वरचा-खालचा जबडा मिळतो, त्या दोन्ही कोपऱ्यांत मांस फुलून लालभडक झालं होतं, कापूस टेकला तरी रक्त येत होतं. नुसती हिरडी सुजली तर दाताच्या कडेने लाल रेघ दिसते. लाली अशी मागपर्यंत पसरली असेल तर तो जिंजिव्होस्टोमॅटायटिस, म्हणजे हिरड्यांसकट तोंडाच्या आतली तीव्र सूज, असण्याची शक्यता मोठी. यात मांजराची प्रतिकारशक्ती दातांवरच्या कीटणाविरुद्ध प्रमाणाबाहेर भडकते. मांजरांना सर्दी आणि तोंडात फोड आणणारा कॅलिसी विषाणू अशा बऱ्याच मांजरांमध्ये सापडतो. किडनी बिघडली तरी तोंडात फोड येतात, म्हणून आधी रक्ततपासणी झाली. एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमकुवत करणारा विषाणू) आणि ल्युकेमियाचा विषाणू यांचीही चाचणी झाली. दोन्ही निगेटिव्ह आल्यावर मला हायसं वाटलं.

उपाय ऐकून मात्र पोटात गोळा आला. सगळ्या दाढा काढायच्या. मोठ्या मांजराला ३० दात असतात, त्यातल्या १४ दाढा. "ताई, कीटण धरायला जागाच ठेवायची नाही," असं डॉक्टरांनी समजावलं. तीनपैकी साधारण दोन मांजरांना यातून चांगला फरक पडतो, काहींचा आजार पूर्ण जातो, आणि उरलेल्यांना सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं चालू ठेवावी लागतात. हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, म्हणूनच माझा विश्वास बसला.

पूर्ण भूल देऊन दाढा काढल्या, सुळे ठेवले. नंतर जबड्याचे एक्स-रे काढून मुळाचा तुकडा आत राहिला नाही ना, ते तपासलं. हे तुम्हीही आवर्जून विचारा. मूळ आत राहिलं तर सूज तशीच राहते आणि एवढा खटाटोप वाया जातो. टाके विरघळणारे होते. वेदनाशामक औषध गालाच्या आत थेंबाथेंबाने सोडायचं होतं, त्यात बंड्याने फारशी कटकट केली नाही.

या काळात शेजारच्या काकूंनी मायेनेच लवंगेचं तेल लावायला सांगितलं होतं. मांजरांना ते विषारी आहे. पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं. त्यामुळे "बघू, खाईल उद्या" म्हणत थांबू नका.

घरी आल्यावर मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, कोमट करून बोटाने भरवलं. पहिल्या रात्री त्याने फक्त चाटलं. हळूहळू तो स्वतः वाटी चाटूनपुसून साफ करू लागला. तोंडाची लाली जायला मात्र काही महिने लागले. दाढांशिवाय कसं खाईल, ही आईची काळजी तो कोरडा खाऊ सरळ गिळायला लागला तेव्हा मिटली. अंगही परत चाटतो, गुठळ्या गेल्या.

सुळ्यांभोवतीची हिरडी आता दर तीन महिन्यांनी दाखवायची आहे. तिथे लाली आली तर सुळेही काढावे लागतील, आणि तशी वेळ आली तर मी लगेच हो म्हणणार आहे.