बूट पायात रुळेपर्यंत

दणकट चामडी बूट घ्यायचे मनात आलं की नजर आधी रंगावर जाते, मग चामड्यावर, मग सोलवर. मी मात्र सुरुवात पायाच्या मापापासून केली, आणि पुढे जे काही चांगलं झालं ते त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. स्पोर्ट्स शूजचं माप इथे उपयोगाचं नाही. त्यांच्या आत फोम असतो, वरचं कापड ताणलं जातं, त्यामुळे अर्धं माप इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. वेल्ट शिवलेला बूट, म्हणजे वरचं चामडं आणि सोल कडेने फिरणाऱ्या चामड्याच्या पट्टीला शिवून जोडलेला, पहिल्या दिवशी लाकडासारखा ताठ असतो, आणि त्याचं माप बहुतेकांना स्पोर्ट्स शूजपेक्षा अर्ध्या ते एका नंबरने लहानच लागतं.

पाय मोजून घ्यायला मी मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजायला ब्रॅनॉकचं उपकरण होतं. धातूचा सपाट पाट, मागे टाच टेकवायला वाटीसारखा खोलगट भाग, आणि बाजूंना सरकणारे काटे. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी अमेरिकेत १९२० च्या दशकात बनवलेलं हे साधन आजही जवळपास तसंच वापरात आहे. मोजणारे गृहस्थ म्हणाले, ‘‘दोन्ही पायांवर सारखं वजन टाका, समोर बघा. आकडा मी वाचतो, तुम्ही खाली वाकू नका.’’ वाकलं की वजन चवड्यावर जातं आणि माप बदलतं, हे त्यांनी करूनच दाखवलं.

खरी गोष्ट कळली ती दुसऱ्या मापामुळे. पहिलं माप टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी सांगतं. दुसरं टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा बाहेर येतो तिथपर्यंतची. पाय वाकतो तो या सांध्यापाशी, आणि बूटही तिथेच वाकायला हवा. माझी बोटं आखूड आहेत, त्यामुळे दुसरं माप पहिल्यापेक्षा अर्ध्या नंबरने मोठं आलं. अशा वेळी मोठं माप धरायचं. नुसत्या लांबीवर गेलो असतो तर बुटाचा सर्वांत रुंद भाग माझ्या चवड्याच्या मागे पडला असता आणि करंगळी कायम चेंगरली असती. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा निघाला, तेव्हा माप डाव्याचं घेतलं.

मग कलबूत. बूट ज्या साच्यावर चढवून शिवतात त्याचा आकार प्रत्येक कारखान्याचा वेगळा, आणि एकाच कारखान्यातही चार-सहा प्रकारची कलबुतं असतात. एका कलबुतावरचा नंबर दुसऱ्यावर जसाच्या तसा लागू पडत नाही. मी मन्सन धाटणीचं कलबूत निवडलं. अमेरिकी लष्करातले डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी सैनिकांच्या पायांचा अभ्यास करून १९१२ च्या सुमारास ही धाटणी आणली. आतली कड सरळ, बोटांना ऐसपैस जागा आणि टाचेला आवळ. दिसायला हा बूट निमुळत्या टोकाच्या बुटाइतका देखणा नाही हे मान्य, पण रुंद चवड्याच्या माणसाने त्याच्याकडे आधी बघावं.

इथपर्यंत ठरल्यावर बाकीची निवड सोपी होती, आणि मजेचीही. चामडं मी फुल ग्रेन घेतलं, म्हणजे वरचा थर घासून न काढलेलं आणि तेल-मेण भरपूर मुरवलेलं. हे चामडं वाकवलं की त्या जागी रंग फिका पडतो, कारण आतलं तेल बाजूला सरकतं. बोटाने चोळलं की रंग परत येतो. ओरखडे बरेचसे असेच बुजतात. पंजावरच्या भागासाठी कातड्याचा घट्ट विणीचा तुकडा वापरा, पोटाकडचा नको, अशी विनंती मी ऑर्डरमध्ये लिहून दिली. पोटाकडचं कातडं सैल असतं आणि घडी पडते तिथे लवकर फुगतं.

आतला तळ वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या जाड चामड्याचा हवा, यावर मी अडून राहिलो. पायाचा ठसा घेतो तो हाच थर. नाड्यांसाठी खाली भोकं आणि वरच्या तीन जागी हुक, म्हणजे बूट पटकन घालता-काढता येतो. नाड्यांखालच्या जिभेच्या दोन्ही कडा बाजूला शिवून घेतल्या, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. बोटांवरची टोपी मऊ ठेवली. सोल रबरी घेतला. खोल खाचांचा व्हिब्रम चढणीला उत्तम. इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी डोंगरात सहा सोबती गमावल्यानंतर तो बनवला आणि १९३७ मध्ये बाजारात आणला. पण माझं चालणं बहुतेक फरशीवर आणि रस्त्यावर. खोल खाचांत माती अडकते आणि घरभर होते, म्हणून मी आत दबलेल्या गोल ठिपक्यांचा पातळ सोल निवडला.

काही महिने वाट पाहण्यात गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बूट आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं ते नाड्यांची भोकं असलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. नाड्या नीट आवळल्यावर दोन्ही पट्ट्यांमध्ये बोटभर फट राहिली, तेव्हा जीव भांड्यात पडला. गुडइयर वेल्टच्या, म्हणजे अशा यंत्राने वेल्ट शिवलेल्या बुटात आतल्या तळाखाली कॉर्कचा लगदा भरलेला असतो. वापराने तो दबतो, पाय खाली जातो आणि बूट आतून मोकळा होतो. पहिल्याच दिवशी पट्ट्या एकमेकींना टेकल्या तर पुढे आवळायला जागाच उरत नाही. असा बूट मी तरी परत केला असता.

मग पहिली घडी. पंजावर घडी कुठे पडणार हे पहिल्या काही पावलांत ठरतं आणि नंतर ते बदलता येत नाही. मी बूट घालून, नाड्या बांधून, बोटांच्या सांध्यावर आडवी पेन्सिल ठेवली आणि ती हाताने दाबून धरत टाच सावकाश उचलली. घडी पेन्सिलीच्या रेषेत, सरळ पडली. दुसऱ्या पायालाही तसंच. एवढंसं काम, पण वाकडी घडी अंगठ्याच्या सांध्यावर आली तर प्रत्येक पावलाला चावते.

पहिले दिवस घरातच घातले, जाड लोकरी मोजे घालून, एखादा तास. दुखायला लागलं की काढायचे. ‘फोड येईपर्यंत चाला, मग बूट आपोआप ऐकतो’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पाय सोलवटला की माणूस लंगडत चालतो आणि बूट त्या लंगड्या चालीने वाकायला लागतो. पाण्यात भिजवून पायातच वाळवायची जुनी युक्तीही नको. तेल धुऊन निघतं, चामडं वाळताना आखडतं, आणि आतल्या तळाला तडे जाऊ शकतात. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही तितकीच वाईट.

एक दिवस घातले की दुसरा दिवस विश्रांती, हे मी काटेकोर पाळलं. पायाचा घाम आतल्या तळात मुरतो आणि ओलं चामडं लवकर झिजतं. रात्री आत देवदारी लाकडाचे साचे घालून ठेवायचो; ते ओल ओढून घेतात आणि घड्या सपाट करतात.

सुरुवातीला टाच आत वरखाली होते. त्याने घाबरायचं कारण नाही. सोल वाकत नाही, म्हणून चालताना पाय उचलतो आणि बूट मागे राहतो. पायाच्या उंचवट्यावर, म्हणजे घोट्यासमोर नाड्यांखाली, पकड घट्ट असेल तर सोल वाकायला लागल्यावर हे थांबतं. उंचवट्यावरच बूट सैल असेल तर मात्र तो नंबरच चुकीचा.

डाव्या करंगळीपाशी एक जागा हटवादी निघाली. तिथे आतून खडूची खूण केली आणि बूट एका जुन्या कारागिराकडे दिला. त्यांनी गोळा आणि कडी असलेल्या लांब चिमट्यात नेमकी तेवढीच जागा धरून रात्रभर ताण दिला. सगळा बूट रुंद करायची गरज पडली नाही. घोट्यासमोर जीभ रुतत होती, तर त्या ठिकाणी नाडी फुलीने न ओवता एक भोक सरळ वर नेली. नाडीचा दाब तिथून हटला आणि काही दिवसांत जीभही नरमली.

तेल मी या काळात लावलंच नाही. असं चामडं कारखान्यातून तेल पिऊनच येतं. वरून आणखी लावलं तर ते लोळागोळा होतं आणि रंग काळवंडतो. घोड्याच्या केसांचा ब्रश रोज फिरवला, तेवढं पुरलं. पुढे घड्या कोरड्या, फिकट दिसायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा अगदी पातळ हात दिला.

आता आतल्या तळावर पाचही बोटांचे गर्द ठसे आहेत आणि नाड्यांच्या पट्ट्या जवळ आल्या आहेत, तरी फट शिल्लक आहे. टाचेची बाहेरची कड झिजू लागली आहे. टाचेचा शेवटचा रबरी थर वेगळा बसवलेला असतो. झीज त्यावरच्या चामड्याच्या थरांपर्यंत पोहोचायच्या आत तो बदलून घेणार आहे. सोलची पाळी येईल तेव्हा वेल्टचा टाका उसवून नवा सोल शिवता येईल, वरच्या चामड्याला हात न लावता. पुढच्या जोडीसाठी कलबूत आणि नंबर हेच ठेवणार, फक्त हुकांच्या जागी वरपर्यंत भोकं घेणार, कारण पँटची आतली शिवण हुकांत अडकते.