साखर, क्रोन आणि एस्टोनियाचे सार्वभौमत्व

सोव्हिएत संघातून १९९१ मध्ये बाहेर पडलेल्या एस्टोनियाने पुढच्याच वर्षी सार्वमताने राज्यघटना स्वीकारली आणि तिच्या पहिल्याच कलमात लिहून ठेवले, की देशाचे स्वातंत्र्य व सार्वभौमत्व कालातीत असून ते कोणालाही देऊन टाकता येणार नाही. असे लिहिणारा देश १ मे २००४ रोजी युरोपीय महासंघात गेला, तेव्हा एका संघातून सुटून दुसऱ्यात अडकल्याची टीका झाली. मला ती पटत नाही. १९४० मध्ये हा देश बळाने गिळला गेला होता, तर २००३ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी होकार दिला. मात्र महासंघाचे सदस्यत्व आणि त्यासाठीची घटनादुरुस्ती ही दोन्ही एकाच प्रश्नात गुंफली होती, त्यामुळे एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणण्याची सोय मतदाराला नव्हती, हे मला आजही खटकते.

चलनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९२ मध्ये रूबल सोडून आणलेला क्रोन हे स्वातंत्र्याचे चिन्ह होते खरे, पण त्याचा भाव कायद्याने आठ क्रोनला एक जर्मन मार्क असा बांधलेला होता; म्हणजे नोट आपली असली, तरी तिची लगाम फ्रँकफर्टच्या मध्यवर्ती बँकेच्या हाती होती आणि तिथे एस्टोनियाला विचारणारे कोणी नव्हते. २०११ मध्ये युरो आल्यावर क्रोन गेला, पण युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या निर्णय घेणाऱ्या मंडळात एस्टोनियाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला जागा मिळाली. सार्वभौमत्व येथे घटले की वाढले, याचे उत्तर मला तरी सरळ वाटत नाही.

सामान्य घरांपर्यंत हा विषय पोहोचला तो साखरेमुळे. नव्वदच्या दशकात जवळपास सर्व आयातशुल्क रद्द केलेल्या या देशात साखर स्वस्त होती. सदस्यत्वाबरोबर ती महागणार हे ठाऊक असल्याने लोकांनी आधीच पोती भरून ठेवली, आणि अतिरिक्त साठ्याबद्दल युरोपीय आयोगाने देशावर कोट्यवधी युरोंचा बोजा टाकला. घरोघरी जाम करण्याची रीत असलेल्या देशात स्वयंपाकघरातली साखर अतिरिक्त साठ्यात धरू नये, हा सरकारचा युक्तिवाद चालला नाही आणि २००९ मध्ये देश युरोपीय न्यायालयातला खटलाही हरला.

एस्टोनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्टच सांगितले होते, की जिथे महासंघाचा कायदा आहे तिथे घटनेचा त्याच्याशी सुसंगत असलेला भागच लागू होईल. पण २०१२ मध्ये युरोपीय स्थैर्य यंत्रणेचा, म्हणजे अडचणीतल्या युरो देशांना कर्ज देणाऱ्या सामाईक निधीचा, करार समोर आला, तेव्हा एकोणीस न्यायाधीशांपैकी दहांनी तो घटनेशी सुसंगत ठरवला, नऊ जण विरोधात राहिले. आणि बहुमतानेही नमूद केले, की यापुढे महासंघाला आणखी व्यापक अधिकार द्यायचे झाल्यास पुन्हा जनतेची संमती घ्यावी लागेल.