रद्दीत घावलेली कोक्सिनेल

आज शाहूपुरीत रद्दी घालायला गेलो आणि उलट एक पुस्तक घेऊनच आलो, ४० रुपये, कव्हर निम्मं फाटलंय, पानांना उदबत्तीचा वास. कोक्सिनेलचं जुनं इंग्रजी चरित्र!! पॅरिसची कॅबरे स्टार, जन्म १९३१ चा, पण मुलगा म्हणून, १९५८ ला मोरोक्कोत कॅसाब्लांकाला जाऊन बाई होण्याचं ऑपरेशन करून घेतलं, १९६० ला लग्न, आणि बाई जेमतेम तिशीत असताना तिच्यावर पुस्तक. कोक्सिनेल म्हणजे फ्रेंचमध्ये तो लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा. लिहिणाऱ्याचा सूर मात्र जरा चवीनं बघणाऱ्याचाच, ते खटकलं. आपले संगीत नाटकातले केशवराव भोसले बाईच्या वेषात शारदा करायचे तेव्हा लोक खुळे व्हायचे, पण ते नाटक संपलं की लुगडं उतरवायचे, हिनं उतरवलंच नाही. चहा पार गार झाला, अजून ३० पानं राहिल्यात.