पावणेदोन तास

गेल्या जानेवारीत आमचे मालवाहू जहाज पोलंडमधील ग्डिनिया बंदराकडे निघाले होते. थर्ड ऑफिसर म्हणून जीवरक्षक साधनांची देखभाल माझ्याकडे असते. हवामान अनुकूल असल्यास दर आठवड्याला लाइफबोट जागेवरून हलवून पाहावी, असा नियम आहे. त्या सकाळी साखळदंड सोडून ब्रेक उचलला, तरी बोट जागची हलली नाही. रात्रभर उडालेले तुषार डेव्हिटच्या, म्हणजे बोट पाण्यात उतरवणाऱ्या यारीच्या, रुळांत आणि तारेच्या कप्प्यांत गोठले होते. चीफ ऑफिसर म्हणाले, ‘हवामान प्रतिकूल होते असे लिहून टाका.’ नियमाने ते बरोबरच होते. मात्र मी बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, आणि दोन खलाशांना घेऊन लाकडी मोगऱ्यांनी बर्फ फोडत राहिलो, कारण गरम पाणी ओतले तर ते काही मिनिटांत पुन्हा गोठते आणि लोखंडी हातोडीने तारेला इजा होते. बोट हलायला पावणेदोन तास लागले.

त्याच रात्री आठ ते बाराच्या माझ्या वॉचमध्ये किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवरचे बुडीत जहाजाचे चिन्ह नकाशावर आले. पोलिश नकाशांवर ते केवळ ‘अडथळा क्र. 73’ आहे, प्रत्यक्षात तिथे ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ पडलेले आहे. सुमारे दीड हजार प्रवाशांसाठी बांधलेले आणि 1937 मध्ये पाण्यात सोडलेले हे सहलीचे जर्मन जहाज पुढे रुग्णालय आणि नंतर पाणबुडी दलाचे तरते निवासस्थान झाले. 30 जानेवारी 1945 रोजी ते गोटेनहाफेनहून, म्हणजे आजच्या ग्डिनियाहूनच, निघाले, तेव्हा त्यावर लाल सैन्यापुढून पळणारे निर्वासित आणि नौसैनिक मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे होती. समोरून सुरुंगशोधक नौका येत असल्याच्या संदेशामुळे टक्कर टाळण्यासाठी दिवे लावले गेले, आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास कप्तान मारिनेस्कोच्या ‘एस-13’ या सोव्हिएत पाणबुडीचे तीन टॉर्पेडो जहाजावर आदळले. पहिल्या टॉर्पेडोनंतर जलरोधक दारे बंद केली गेली. पाणी अडवण्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या, भागात विश्रांती घेणारे, बोटी उतरवण्याचे शिक्षण मिळालेले खलाशी त्याच दारांमागे अडकले. वर डेव्हिट गोठलेले होते आणि ते सोडवणारे हात खाली होते. जहाज तासाभरात बुडाले. वाचले सुमारे साडेबाराशे.

पावणेदोन तास आणि एक तास, हे दोन आकडे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीत. आमच्याकडे तर दिवसाचा उजेड होता, डेक सपाट होते आणि मागे रेटणारी गर्दी नव्हती. ज्या हवामानात बोट गोठते, नेमक्या त्याच हवामानात ती तपासण्यापासून नियम सूट देतो, हे मला अजूनही पटत नाही. खलाशाला बर्फात उभे करण्यातला धोका मी जाणतो. तरीही ‘प्रतिकूल’ हा शब्द आमच्या व्यवसायात फार सहज लिहिला जातो.

नोंदवहीत मी ‘बर्फामुळे अडकली, 1 तास 45 मिनिटांनी हलली’ असे लिहिले. ते वाक्य बदलावे असे मला दोनदा सुचवण्यात आले. मी ते बदलले नाही.