इंजिन बांधायचं की आणायचं?

"नख फिरवून बघा की, अडकतंय का?" उद्यमनगरातले मेस्त्री म्हणाले. मारुती एस्टीमच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलेलं, सिलिंडरच्या वरच्या काठाशी पिस्टनची रिंग जिथपर्यंत येते तिथं बारीक कड पडलेली. नख अडकलं, म्हणजे सिलिंडर झिजलाय.

आता हाच १.३ लिटरचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून जरा मोठे कापून, बांधायचा की जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन तयार आणून बसवायचं, यावर आम्हा मित्रांचं आठवडाभर डोकं चाललंय. हिशोब सरळ आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमीचा ७४.५ केला तरी जेमतेम १७-१८ सीसी वाढतात, आणि १.६ ची ताकद येते ती ९० मिमीच्या स्ट्रोकमधून, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेतून; ती धाव क्रँक ठरवतो, मग आपल्या क्रँकवर ती कुठून येणार? शिवाय इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, तेही आलंच.

मी आणायच्याच बाजूला होतो. पण मेस्त्री बोअर गेज पुसता पुसता म्हणाले, "आणा की. पण आत कुणी काय केलंय ते उघडल्याशिवाय मला कळायचं नाही. हे मी बांधलं तर ऑटोक्रॉसच्या (मैदानावरच्या गाड्यांच्या शर्यतीच्या) मैदानात नुसत्या आवाजावरनं सांगीन."

सकाळपासून तेच डोक्यात आहे. पॉवर विकत मिळते हो, पण ही ओळख कुठनं आणायची?

मला तर आता बांधावंसंच वाटतंय. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं असतं?