नजर वर गेली, पण ते ‘हो’ नव्हतं

तो 17 वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेने हालचालींवर ताबा न राहणं) चारही हातपाय आखडलेले, बोलणं नाही, पण समज लख्ख. मी त्याची देखभाल करते. आमच्यात दोन खुणा ठरलेल्या आहेत: नजर वर म्हणजे ‘हो’, उजवीकडे म्हणजे ‘नाही’. ‘नाही’ला स्वतंत्र खूण लागतेच. ती नसली की उत्तर आलं नाही म्हणजे नकार असं धरलं जातं, आणि झोप, थकवा, कंटाळा सगळंच त्यात जमा होतं.

त्या दुपारी जेवताना तिसऱ्याच घासाला तो ताठ झाला. डोकं मागे, पाठीची कमान, गुडघे सरळ, पाय फूटरेस्टवर दाबलेले. घास थांबवला, डोकं मागे गेलेलं असताना भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंड रिकामं आहे ना, ते बघितलं. आई म्हणाली, “ताई, हट्ट चाललाय त्याचा. सकाळपासून असंच.” मी विचारलं, “पोट दुखतंय का?” नजर वर गेली. दोन दिवस पोट साफ नव्हतं, त्यामुळे उत्तर लगेच पटलं.

तिथेच फसले. ताठरण्याच्या झटक्यात डोकं मागे जातं, तेव्हा डोळेही आपसूक वर जातात. मी कुठलाही प्रश्न विचारला असता, तरी त्या क्षणी मला ‘हो’च मिळालं असतं.

मग आधी ताण सोडवायला घेतला. सरळ झालेले गुडघे वरून दाबायचे नाहीत, आणि डोक्याला मागून हात लावून पुढे ढकलायचंही नाही. त्याने ताठरपणा वाढतो. दोन्ही गुडघ्यांखालून हात घालून मांड्या हळूहळू पोटाकडे आणल्या आणि तशाच धरून ठेवल्या. दुसऱ्या हाताने खांदा पुढे घेतला. मिनिटभरात कंबर सैल पडली, डोकं आपोआप मध्ये आलं. तो खुर्चीत पुढे घसरला होता, म्हणून बसकण मागे सरकवून कमरेचा पट्टा पुन्हा लावला.

आता पुन्हा विचारलं. एका वेळी एकच शब्द, आणि प्रत्येक शब्दानंतर मनातल्या मनात 10 पर्यंत मोजायचं. हे दहा आकडे भयंकर लांब वाटतात. बहुतेक जण चारलाच पुढचा प्रश्न टाकतात, आणि मग आलेलं उत्तर नेमकं कशाचं ते कळत नाही.

पोट? उजवीकडे. पाठ? उजवीकडे. दात? उजवीकडे. “वेगळंच काहीतरी?” वर. यादीच्या शेवटी हा पर्याय ठेवलाच पाहिजे, नाहीतर आपल्या यादीत नसलेलं दुखणं त्याला सांगताच येत नाही. मग वस्तू घेतल्या. पट्टा? नाही. खुर्ची? नाही. स्प्लिंट (पाऊल आणि घोटा नीट धरून ठेवणारा, पट्ट्यांचा कडक साचा)? नजर वर, डोकं जागच्या जागी. खात्रीसाठी प्रश्न उलटा केला: “स्प्लिंट ठीक आहे?” उजवीकडे. “डावी?” वर.

नवीन स्प्लिंटचा चौथा दिवस होता. वेल्क्रो सोडून मोजा उतरवला, तर आतल्या घोट्यावर नाण्याएवढा डाग. त्याच्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नव्हता. भोवतीपेक्षा काळपट आणि चकचकीत होता. पालथा हात लावला तर गरम. बोटाने दाबून सोडलं, तरी रंग फिका होईना. अशा जागी चोळायचं नाही. स्प्लिंट काढल्यावर 20 ते 30 मिनिटांत डाग गेला तर ठीक. अर्ध्या तासाने पाहिलं, तसाच होता. त्यामुळे डावी स्प्लिंट बंद आणि थेरपिस्टला फोन.

कारण सकाळचं होतं, आणि माझंच. तो पाठीवर पाय सरळ करून झोपलेला असताना मी स्प्लिंट चढवली होती. पोटरीच्या मोठ्या स्नायूचं वरचं टोक गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला जोडलेलं असतं. गुडघा सरळ असला की तो ताणला जातो, पाऊल खाली ओढलं जातं आणि टाच तळाला टेकतच नाही. जेमतेम एक सेंटिमीटर वर राहिली असेल. पण तेवढ्याने घोट्याचं हाड त्याच्यासाठी केलेल्या खोलगट जागेत न बसता कडेवर घासतं.

म्हणून आधी गुडघा वाकवायचा, पाऊल वर घ्यायचं, टाच मागे आणि खाली सरकवायची. पहिला पट्टा घोट्याचा, कारण टाच तोच धरून ठेवतो. पोटरीचा शेवटी. आमच्या स्प्लिंटला टाचेपाशी छोटं भोक आहे. त्यातून मोजा तळाला टेकलेला दिसला की टाच बसली. आधी पोटरीचा पट्टा आवळला तर बाहेरून सगळं घट्ट, नीटनेटकं दिसतं आणि आत पाय लोंबकळत असतो.

उरलेलं जेवण त्याने डाव्या स्प्लिंटशिवायच, शांतपणे संपवलं.

संध्याकाळी पुढच्या ताईंसाठी वहीत लिहिलं: डावी स्प्लिंट बंद, घोट्यावर डाग, आकार इतका, वेळ अमुक. सवयीने त्याला वाचून दाखवलं. “बरोबर?” नजर उजवीकडे. पाय चुकला? नाही. वेळ? नाही. काही राहिलंय? वर. स्प्लिंटचं? नाही. मोजे? वर, आणि बराच वेळ वर. उतरवलेला मोजा उलटा करून बघितला. सकाळी बदललेली नवी जोडी, जाड शिवणीची. घोट्यापाशी तिची दुमड पडली होती, तिची रेघ डागाच्या मधोमध उमटलेली. डाग बघताना ती माझ्या नजरेतून सुटली होती. ‘नवे मोजे नकोत, जुने बिनशिवणीचेच’ अशी ओळ वाढवली आणि पुन्हा वाचून दाखवलं. नजर वर.